चुना लावायचाच, तर छपराला!

‘वैशाख वणवा’ हा शब्दप्रयोग पुण्या-मुंबईच्या लेखनात अलंकार म्हणून येतो. वऱ्हाडात तो अनुभव म्हणून येतो. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावात मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शेतातली कामे सकाळीच आटोपून माणसे घरी परततात; पण ज्या घराच्या आश्रयाला जावे, ते घरच तापलेल्या तव्यासारखे झालेले असते. डोक्यावर पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब, दोन खोल्या, एखादी खिडकी आणि वीज असलीच तर गरम हवा फिरवणारा पंखा. २३ मे २०१३ रोजी नागपूरच्या पाऱ्याने ४७.९ अंश सेल्सिअस गाठले, तेव्हा त्या आकड्याची सर्वत्र चर्चा झाली. मात्र वेधशाळेचा तापमापक हवेशीर झडपांच्या, पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या पेटीत ठेवतात, या गोष्टीची चर्चा झाली नाही. पेटी पांढरी असते, कारण ती उन्हाने तापली तर नोंद चुकेल. शास्त्राने आपल्या यंत्रासाठी जी काळजी घेतली, ती समाजाने आपल्या माणसांसाठी अद्याप घेतलेली नाही, हा या आकड्यामागचा खरा अर्थ आहे.

इंझोरी आणि तिचा परिसर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. खगोल अभ्यासक त्याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. त्याच सुमारास विदर्भात नवतपा सुरू होतो. या दिवसांत मध्यान्हीचे ऊन भिंतीवर जवळजवळ पडतच नाही. ते पडते छपरावर. निरभ्र आकाशातून मध्यान्ही एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी उष्णता उतरते. सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर धरले, तर एक हजार वॅटच्या पंचवीस शेगड्या एकाच वेळी त्या घराच्या माथ्यावर पेटवल्यासारखे ते होते. आता या शेगड्यांचे काय करायचे, हा प्रश्न आहे. त्या आत येऊ द्यायच्या आणि मग विजेने बाहेर ढकलायच्या, हा एक मार्ग. त्या दारातूनच परत पाठवायच्या, हा दुसरा.

पूर्वीच्या वऱ्हाडी घराने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. जाड मातीच्या भिंती, धाब्यावर मातीचा भक्कम थर, कुठे कौले, कुठे गवताचे छप्पर, पुढे ओसरी आणि अंगणात लिंब. ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. अर्थात त्या घरांचे गोडवे गाणारे बहुधा त्या घरांत राहत नाहीत. पावसाळ्यात धाबे गळे, दरवर्षी माती टाकावी लागे, गवताला आगीचे भय असे, कुडाच्या भिंतीतून साप-विंचू येत. हे सारे श्रम मुख्यतः घरातल्या स्त्रीच्या वाट्याला येत. तिने पत्र्याचे छप्पर किंवा स्लॅब मागितला, तो चैनीसाठी नव्हे, कोरड्या अंथरुणासाठी. पक्के घर ही प्रगतीच आहे आणि ती नाकारण्याचा अधिकार वातानुकूलित खोलीत बसून पर्यावरणावर प्रवचने देणाऱ्यांना नाही. चूक झाली ती अन्यत्र. जुने छप्पर उतरवताना त्याच्याबरोबर काय काय खाली आले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पाऊस बाहेर राहिला, पण ऊन घरात आले.

पत्रा आणि स्लॅब यांचे दुष्परिणाम वेगवेगळे आहेत. पत्रा सूर्याबरोबर तापतो आणि सूर्याबरोबर निवतो. त्याचा जाच दुपारचा. नवा चकचकीत जस्ती पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण उघड्या धातूला स्वतःची उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून चकचकीत असूनही तो हाताला चटका देतो. गंजल्यावर तर तो ऊन पिऊ लागतो. स्लॅबचे उलट आहे. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. दिवसभर राबलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला दुप्पट बाधते. म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्हे मूल आणि परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी यांची उन्हाळ्यातली रात्र ही आरोग्याची आणि भवितव्याची बाब आहे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत त्या एका महिन्यात अपेक्षेपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले. उष्माघात पूर किंवा भूकंपासारखा गाजावाजा करीत येत नाही. तो घरात शिरतो, सर्वांत दुबळ्या माणसाला गाठतो, आणि कागदावर कारण दुसरेच लिहिले जाते.

यावर कूलर आणि वातानुकूलन यंत्र हे शहरी मध्यमवर्गाचे उत्तर आहे. कूलरला वीज लागते आणि पाणीही. तेही नेमके विहिरी आटलेल्या महिन्यात. वातानुकूलन यंत्र तर उष्णता नाहीशी करीतच नाही. ते आतली उष्णता बाहेर फेकते आणि वर स्वतःच्या मोटारीची भर घालते. म्हणजे एकाची खोली थंड होते ती शेजाऱ्याची गल्ली तापवून. ज्याला परवडते त्याने गारवा विकत घ्यावा आणि ज्याला परवडत नाही त्याने दुसऱ्याची धग सोसावी, ही व्यवस्था कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.

यास्तव दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे ऊन दारातून परत पाठवण्याच्या मार्गाकडे, गांभीर्याने पाहिले पाहिजे. पांढरा पृष्ठभाग दोन कामे करतो. सूर्यप्रकाशाचा मोठा भाग तो परतवतो; आणि जी थोडी उष्णता शोषली जाते, ती अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडून देतो. या किरणांतील ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्याला वातावरण फारसे अडवीत नाही. ती जणू पृथ्वीच्या घराला ठेवलेली झरोक्याची जागा आहे. त्या झरोक्यातून उष्णता थेट अवकाशाच्या गार पोकळीत निघून जाते. या कामाला वीज लागत नाही, पाणी लागत नाही, मोटार लागत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार नेहमीचे छत कडक उन्हात ६५ अंश सेल्सिअसच्याही पलीकडे तापू शकते आणि त्याच उन्हात ऊन परतवणारे छत २८ अंशांपर्यंत कमी तापलेले राहू शकते. खोलीच्या आत हा फरक साधारणतः २ ते ५ अंशांचा पडतो. ज्यांनी ४५ अंशांत रात्र काढली आहे, त्यांना पाच अंशांची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

गेल्या काही वर्षांत या विषयात प्रयोगशाळांनी मोठी झेप घेतली. कॅनडात वाढलेले आणि उन्हाळ्यात मुंबईला आजी-आजोबांकडे येणारे आस्वथ रामन यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सहकाऱ्यांसह २०१४ साली एक बहुस्तरीय लेप सिद्ध केला. सुमारे ९७ टक्के सूर्यप्रकाश परतवणारा हा लेप भर उन्हात भोवतालच्या हवेपेक्षा जवळजवळ पाच अंशांनी थंड राहिला. उन्हात ठेवलेली वस्तू हवेपेक्षाही थंड राहते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कार वाटावी अशीच आहे. पण ती भौतिकशास्त्राच्या नियमांत पुरेपूर बसते. त्यानंतर पर्ड्यू विद्यापीठाच्या शिऊलिन रुआन यांच्या गटाने हेच काम साध्या रंगातून करून दाखवले. २०२० साली त्यांनी केलेला रंग ९५.५ टक्के, तर २०२१ साली केलेला रंग ९८.१ टक्के ऊन परतवत होता. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही मॅग्नेशियम ऑक्साइड वापरून असाच शीतल रंग तयार झाला आहे.

यातील एक तपशील मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा. पर्ड्यूच्या २०२० सालच्या रंगातील मुख्य द्रव्य होते कॅल्शियम कार्बोनेट. कळीचा चुना पाण्यात विरवून भिंतीला दिला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतो आणि वाळून जे बनते, ते कॅल्शियम कार्बोनेटच. वणी तालुक्यातील राजूरसारख्या ठिकाणी ज्या चुनखडीच्या भट्ट्या लागल्या, तिच्यातले द्रव्य आणि अमेरिकेतील त्या प्रयोगशाळेतले द्रव्य मूलतः एकच आहे. दुसऱ्या, अधिक प्रभावी रंगात बेरियम सल्फेट आहे. ते ज्या बराइट खनिजातून मिळते, त्याच्या जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक आंध्र प्रदेशात मंगमपेठ येथे आहे. कच्चा माल या मातीत आहे, ऊन या मातीवर पडते, आणि हा माल सर्वाधिक ज्यांच्या उपयोगी पडेल ती माणसेही येथलीच आहेत.

मग उणीव कशाची? येथे स्वाभिमानी समाजाने स्वतःला एक कठोर प्रश्न विचारण्याची गरज आहे. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रयाग परिसरात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री येथील कारागीर उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडे पसरीत, त्यावर मातीची पसरट भांडी ठेवून त्यांत पाणी भरीत आणि पहाटे बर्फ गोळा करीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही पाणी गोठत असे. आकाशाकडे उष्णता सोडून वस्तू थंड करण्याची जी कला आज पाश्चात्त्य प्रयोगशाळा नव्याने साधीत आहेत, ती या देशातील निरक्षर म्हणवल्या गेलेल्या हातांना अवगत होती. परंतु त्यामागचे कारण मांडले ते विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने, १८१४ साली, दवावरील आपल्या निबंधात. हात येथले होते. कागद आणि मोजमाप तिकडचे होते. ज्ञान जेथे होते तेथे ते नोंदले गेले नाही, आणि म्हणून ते वाढलेही नाही.

पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे सभेत सांगून टाळ्या मिळतात. त्याने इंझोरीतील एकाही घराचा पत्रा एका अंशानेही निवत नाही. पूर्वजांचा खरा गौरव त्यांच्या ज्ञानाला आजच्या कसोटीवर घासून, सुधारून, पुन्हा कामाला लावण्यात आहे. साधा चुना आणि पर्ड्यूचा रंग एकच, असे मानणेही आत्मवंचना ठरेल. त्या रंगातील कणांचे आकार मोजूनमापून निवडलेले आहेत. प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींना वेगवेगळ्या आकाराचे कण परतवतात, हे त्यामागचे गणित आहे. ही मोजण्याची शिस्त अंगी बाणवणे, हाच स्वदेशीचा आजचा अर्थ आहे.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या ‘प्राकृतिक पेंट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हस्तनिर्मित कागद संस्थेने विकसित केलेल्या या गोमयाधारित रंगाचे लोकार्पण १२ जानेवारी २०२१ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. गोपालकाला उत्पन्न देणारा हा उपक्रम स्तुत्य आहे. पण छपरावर तो किती ऊन परतवतो आणि किती पावसाळे टिकतो, हे गावोगावच्या छपरांवर मोजून जाहीर झाले पाहिजे. गोमयाचा आहे म्हणून तो थंड, असे म्हणणे श्रद्धेचा आणि विज्ञानाचा, दोघांचाही अनादर करणारे आहे. मोजणीत तो उतरला, तर विदर्भातील प्रत्येक गोशाळा छपराच्या रंगाचा लघुउद्योग होऊ शकेल.

शासनस्तरावर या विषयाची जाण अगदीच नाही, असे नाही. २००७ सालच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत ऊन परतवणाऱ्या छपराची तरतूद होती. पण ती मोठ्या व्यापारी इमारतींपुरती. २०१० च्या अनुभवातून अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये भारत शीतलन कृती आराखडा प्रसिद्ध केला. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छपरांचे स्वतंत्र धोरण आणून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरांचे उद्दिष्ट ठेवले. त्यातील २०० चौरस किलोमीटर एकट्या हैदराबाद परिसरातील आहे. सरकार कोणत्या पक्षाचे होते हे न पाहता या कामाचे स्वागत केले पाहिजे. तथापि या साऱ्यात एक समान धागा दिसतो. विचार शहरापासून सुरू होतो आणि बहुधा शहरातच थांबतो. इंझोरीपर्यंत तो पोहोचत नाही.

वास्तविक तो तेथे पोहोचवण्याचे साधन उपलब्ध आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून देशभर कोट्यवधी घरकुले उभी राहिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरकुलांना केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जे छप्पर सरकारी पैशातून उभे राहते, ते पांढरेच असले पाहिजे, ही एक ओळ प्रत्येक घरकुलाच्या अंदाजपत्रकात सक्तीची करणे अवघड नाही. वाशिम जिल्हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यात अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या छपरांपासून आरंभ व्हावा. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वेळापत्रक बदलून उन्हापासून पळता येते. मार्च-एप्रिलच्या परीक्षा मात्र त्याच पत्र्याखाली द्याव्या लागतात.

तरीही सर्व काही शासनाने करावे आणि समाजाने वाट पाहावी, ही वृत्ती या पानांवर कधी गौरवली गेलेली नाही. चुना पावसात धुपतो, पांढरा रंग धुळीने मळतो. म्हणून हे काम एकदा करून संपणारे नाही, दरवर्षी करण्याचे आहे. येथेच समाजाची परंपरा उपयोगी पडते. दसऱ्याच्या आधी घर झाडून-सारवून भिंतींना चुना देण्याची रीत मराठी घराला कोणा शासन निर्णयाने शिकवलेली नाही. तशीच होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात छप्पर धुऊन पांढरे करण्याची रीत का पडू नये? नव्या वर्षाची गुढी ज्या घरावर उभारायची, त्या घराचा माथाही पांढरा, स्वच्छ असावा, याहून समयोचित तयारी दुसरी कोणती?

या कामाच्या काही मर्यादा आणि पथ्ये कार्यकर्त्यांनी आधीच जाणून घ्यावीत. स्लॅबवर चुना चांगला बसतो. गुळगुळीत जस्ती पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, तेथे आधी अस्तर देऊन बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारा पांढरा रंग द्यावा लागतो. खर्च वाढला तरी तो चांगल्या कूलरच्या किमतीपेक्षा कमी राहतो आणि विजेचे बिल येत नाही. चुना विरवताना डोळे व हात जपावेत. जुन्या पत्र्यावर थेट पाय न देता फळी टाकून चालावे. ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कोरडे घासू नयेत; त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ढगाळ, दमट हवेत या उपायाचा गुण कमी येतो, आणि खिडकी नसलेल्या खोलीला केवळ पांढरे छप्पर पुरत नाही. वारा हवाच, अंगणात झाडही हवेच. आणि मुख्य म्हणजे, गावातील दोन सारखी घरे निवडून, एकाचे छप्पर पांढरे करून, दोन्हींत साधा तापमापक टांगून उन्हाळाभर नोंद ठेवावी. हे काम शाळकरी मुलांनी करावे. ज्या दिवशी इंझोरीतील एखादी मुलगी आपल्या वहीतील आकडे पुराव्यादाखल ग्रामसभेत वाचून दाखवील, त्या दिवशी बार्कर-वेल्सच्या काळापासूनचे एक जुने ऋण फिटू लागेल.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडला. त्यांच्या विचारातील अंत्योदय ही केवळ घोषणा नव्हे. शेवटच्या माणसाचे घर कोठे आहे आणि त्याचे छप्पर कशाचे आहे, हे पाहून कामाचा क्रम ठरवण्याची ती कसोटी आहे. वाशिमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी चित्रकूट परिसरात ती प्रत्यक्ष वापरली. त्यांची समाजशिल्पी दांपत्ये गावात जाऊन राहिली, भाषणे करून परतली नाहीत. संघाच्या शताब्दीनिमित्त पर्यावरण, स्व, समरसता, कुटुंब प्रबोधन आणि नागरी कर्तव्य या पंच परिवर्तनाची चर्चा घरोघर झाली. चर्चेला हात-पाय फुटायचे असतील, तर पोहरादेवीच्या वाटेवरील एखाद्या तांड्यावर किंवा गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाऊन, तेथल्या माणसांच्या बरोबरीने त्यांचे छप्पर रंगवणे, हे पाचही विषयांचे एकत्रित प्रात्यक्षिक ठरेल. आपल्या घराच्या स्लॅबआधी वस्तीतले छप्पर, हा क्रम मात्र चुकता कामा नये.

मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे. योजना आल्या, फलक लागले, फिती कापल्या गेल्या आणि गावांना या अर्थाने चुना पुष्कळांनी लावला. आता एकदा तो खराखुरा लावावा, आणि छपराला लावावा. वेधशाळेच्या तापमापकाला जे पांढरे घर मिळाले आहे, तेवढे तरी इंझोरीच्या माणसाला मिळाले पाहिजे.